शिशाच्या छपरावर

समोरून पाहाल तर नऊ खिडक्या, मधोमध दार,
दगड एका रंगाचा, एका वयाचा.
डावीकडची तिसरी खिडकी रंगवलेली आहे. तिच्यामागे धुराडं.
अर्धा सरकवलेला पडदासुद्धा रंगवलाय.
बसमधून उतरलेली मुलं कधीकधी तिच्याकडे बघून हात हलवतात.

मी शिडीने वर येते.
इथून घराला खोटं बोलता येत नाही.
थॉर्नबेक हॉलची तीन छपरं एकमेकांना भिडतात
पटत नसलेल्या जावांसारखी:
पुढचं सपाट, शिशाचं, साखरेच्या मळ्यांवरून आलेल्या पैशाचं
(खाली फलकावर लिहिलंय, ‘व्यापार’),
मागचं उतरतं, कौलारू,
आणि मधलं बुटकं, कुणी घातलं कुणाला ठाऊक नाही.
त्याच्या तुळयांवर सुतारांनी कोरलेले आकडे:
सात, आठ, नऊ, नऊ, अकरा.
जेवायची वेळ झाली असणार.

तिन्हींचं पाणी एकाच पन्हळीत.
ती फुटते, आणि ओल उतरते.
आधी मोलकरणींच्या खोल्या. त्या शंभर वर्षं ओल्याच होत्या,
कुणी पत्र लिहिलं नाही.
मग दिवाणखान्यात, प्लास्टरच्या द्राक्षांवर
बशीएवढा पिवळा डाग,
की आमचं बोलावणं येतं.

शेवटच्या मालकीणबाई, मिस ओरिएल,
दोन खोल्यांत राहायच्या, एकोणीस बादल्यांसोबत.
अंधारात नुसत्या आवाजावरून सांगायच्या
कुठली भरत आलीय.

आज जुना पत्रा गुंडाळताना पाऊल सापडलं.
चाकूने आखलेली बुटाची कड, चौकोनी टाच,
आत ‘जे. थर्कल, १७४१’,
आणि शेजारी, बिननावाचं, माझ्या तळहातात मावेल एवढं एक.

शिसं वितळवायचं असतं. नियमच आहे तो;
थर्कलनेही आधीच्या कुणाचं तरी वितळवलं असणार.
मी तेवढा तुकडा कापला.
संग्रहालयाला कळवायला हवं होतं.
नव्या पत्र्याखाली, फळीवर, चार खिळ्यांत ठोकून टाकला,
जिथे पुढची गळती होईपर्यंत कुणी बघणार नाही.

रोवन, माझा शिकाऊ, वय सतरा,
एका बुटाची नाडी सुटलेली, तोंडात सँडविच.
‘इथे उभा राहा,’ म्हटलं.
‘कशाला?’
‘पाय हलवू नकोस.’