वगळलेल्या ओळी

साखरतरच्या सोसायटीची रजिस्टरं, नऊ वर्षांची आठ.
एक उंदरांनी नेलं म्हणतात.
टेबलावर उघडली तेव्हा पानांमधून खवले पडले,
वाळके, पारदर्शक, नखांच्या कात्रणांसारखे.
तीही माहितीच, पण तिला रकाना नव्हता.

तारीख, होडी, मासळी, माप, भाव.
दोन महिने मी टाइप करत गेले.
इस्माईल सोलकरांच्या अक्षरात बांगडा
कधी बांगडा, कधी बांगडे, घाईत नुसता बां.
आणि आर, माझी एका अक्षराची भाषा,
तिला हे तीन निराळे मासे वाटले.
तीन रंग दिले तिने त्यांना, कडेला सूची मांडली.
मी तिघांना एका नावाखाली आणलं
आणि उगाच वाईट वाटलं,
शाळेच्या दाखल्यात नाव घालताना
कुणाचं हाकेचं नाव पुसावं तसं.

मग आलेख.
आडवा काळ, उभं माप,
एक ठिपका म्हणजे एका होडीचा एक दिवस.
उमटला. देखणा होता.
मधोमध, सोळा सालच्या ऑगस्टात,
ठिपक्यांनी अशी उसळी घेतली
की मी रात्री साडेदहाला पेडणेकर सरांना फोन लावला.
समुद्र बदललाय सर, म्हटलं.
ते म्हणाले, आधी वही लिहिणाऱ्याला विचार.
त्या गडबडीत खालची लाल ओळ
मी वाचली आणि वाचली नाही:
दोनशे चौदा ओळी वगळल्या, मूल्य नाही.

सोलकर बर्फाच्या कारखान्यापाशी भेटले,
चष्म्याच्या दांडीला दोरा गुंडाळत.
सोळा साली ना? काटा आला गो तवा.
आदी टोपली होती.
टोपली म्हणजे किती किलो?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दया आल्यासारखं.
कोणाची टोपली? हलीमाची, का नूरबीची?

म्हणजे उसळी समुद्राची नव्हती.
समुद्र होता तिथेच, टोपलीतून काट्यावर गेला एवढंच.
माझा एक अख्खा अध्याय
बर्फाच्या चुऱ्यात तिथेच विरघळला.

निघताना विचारलं, रेघ आहे काही चौकटीत,
काहींत शून्य, काही कोऱ्या. सगळं एकच ना?
एकच कसा?
रेग म्हंजे गेलाच न्हाय.
शून्य म्हंजे गेला नि रिता आला.
आणि कोरं?
दोरा दातांनी तोडला त्यांनी.
त्या दिसाची मासली मापली न्हाय. वाटली.
म्हमूदची होडी फुटली त्या हंगामात दर मंगलवारी
नि कोणाकडे मयत असला तर तवा.
वाटलेली मोजत न्हाय गो. बरकत जाते.

परत आले. लॅपटॉप उघडला.
माझ्या भाषेत या तिन्हीला एकच शब्द आहे, एनए,
दोन अक्षरांचा, थंड,
बेरजेत पडला की बेरीजच गिळतो.
म्हणून आपण सर्रास लिहितो: काढून टाक.
मीही लिहिलं होतं, ओळ क्रमांक एकतीस.
खोडली.
जिथे रेघ होती तिथे रेघ लिहिली,
शून्याला शून्य राहू दिलं,
टोपलीचे आणि किलोचे दोन आलेख केले, शेजारी शेजारी,
त्यांच्यात मोकळी जागा सोडून,
कारण हलीमाची टोपली किलोत येत नाही
आणि मी ओढूनताणून आणणार नाही.
आणि कोऱ्या दिवसांसाठी
शून्याच्याही खाली एक पट्टी काढली, पोकळ वर्तुळांची.
एकोणीस साली ती मंगळवारी मंगळवारी येतात,
जाळ्याच्या कडेच्या बोयांसारखी.

सर म्हणाले, ही वर्तुळं कोणत्या मापात आहेत?
अक्षावर एकक हवं.
अजून लिहिलेलं नाही.

कीबोर्डच्या फटीत एक खवला अडकलाय,
शून्याच्या बटणाखाली.
दाबलं की किंचित अडतं,
मग उमटतं.