शटर

दर सोमवारी मी शटर रंगवतो.
राखाडी. दोन हात. डबा सतरा युरोंचा.
मंगळवारी उजाडताना त्यावर तीच सही:
जाडजूड, निळी, टम्म फुगलेली,
पिठात यीस्ट जास्त पडावं तशी.
चाळीस वर्षं मी थेसालोनिकीत कुलपं उघडतोय,
किल्ली हरवलेल्यांची, नवरा हरवलेल्यांची,
पण हे एक अक्षर काही उघडत नाही.

समोरचा बेकरीवाला प्रोद्रोमोस म्हणतो, कला आहे रे ही.
त्याच्या भिंतीवर अजून कुणी केलेली नाही.

नातीनं म्युझियममध्ये नेलं होतं.
काचेआड एक वीट, तिच्यावर स्वतंत्र दिवा.
दोन हजार वर्षांपूर्वी कुण्या पोरानं
ओल्या मातीत खिळ्यानं शेजाऱ्याला शिवी दिलेली.
हात लावायला मनाई.
म्हणजे फक्त वाट बघायची का,
मी विचारलं. नात हसली,
मी हसायला विचारलं नव्हतं.

आणि घरात तर एवान्थियाची गोष्ट आहेच.
लष्कराचं राज्य. मध्यरात्र. ताई एकोणीसची,
मी आठ वर्षांचा, लाल रंगाची बादली धरून.
विधवा कालिरोईची लांब पांढरी भिंत.
एकच शब्द लिहायचा होता, नऊ अक्षरांचा,
कोणता ते सांगायला नको.
सात झाली, आणि वळणावर जीपचे दिवे.
मी पळालो. ती नाही.
दीड वर्ष.
दर ईस्टरला, कोकरू भाजताना, कुणीतरी ही गोष्ट काढतंच.
दरवर्षी बादली थोडी मोठी होते.

गोष्टीत नसतं ते दुसऱ्या दिवसाचं.
मी बघायला गेलो होतो.
शिपायानं म्हातारीलाच भिंतीशी उभं केलेलं,
सोड्याचं पाणी, तारेची घासणी.
लाल निघेना, चुनाच निघत होता,
आणि तिच्या बोटांची सालं.
तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या नखांकडे.
शिपाई सिगारेट पेटवत होता.
ती म्हणाली, आईला सांग, लिंबं पिकलीत, घेऊन जा.
मी आईला सांगितलं नाही.
त्या झाडाची लिंबं आम्ही कधीच आणली नाहीत.

परवा झोप लागेना म्हणून पहाटे चारला दुकानाशी आलो,
तर ती सापडली. पोर, सतरा-अठराची,
एका बुटाची नाडी सुटलेली.
मी ओरडायला तोंड उघडलं
आणि आवाजाऐवजी खोकला आला.
ती पळाली. डबा राहिला.
हलवला, तर आत एक गोळी खुळखुळते.
कुणी सांगितलं नव्हतं मला.

तो एवान्थियाकडे नेला.
अर्धांगानंतर ती बोलते कमी, डावा हात चालतो.
तिनं डबा कानाशी धरून वाजवला,
आणि मी हो-नाही म्हणायच्या आत दाबला.
पलंगाच्या वरच्या भिंतीवर
एक तिरकी निळी रेघ. थोडी उशीवर, थोडी माझ्यावर.
अक्षर नाहीच ते.
मी इतका हसलो की खुर्ची धरली.

डोरिना हसली नाही.
ती कोर्चाहून आलेली, आठवड्याचे सहा दिवस इथे.
बादली आणली, बाह्या सारल्या, घासू लागली.
थिनरचा वास. तिचे हात कोपरापर्यंत लाल.
एवान्थिया त्या हातांकडे बघत राहिली,
रेघेकडे नाही.
मग म्हणाली, फडकं दे.
राहू द्या, डोरिना म्हणाली.
दे.

आज सोमवार.
डबा उघडलाय, काडी बुडवलीय.
प्रोद्रोमोसनं दोनदा डोकावून पाहिलं.
मी अजून ढवळतोच आहे.