चार पावलं कोरी

पडद्यावर हिमबिबट्या चालतो, आणि मी
गोरेगावच्या तळघरात, एसी बंद करून, घामेजून
त्याच्या पायांखाली बर्फ कुरकुरवतो:
मक्याच्या पिठाची पुरचुंडी, जुना लोकरी हातमोजा,
नखांसाठी बोटांना शिवलेल्या कागदाच्या क्लिपा.
चारशे मीटरवरून टिपलेल्या जनावराला
आवाज कुठून असणार?
कॅमेरा तिथवर पोचतो, माईक नाही.
म्हणून मी.
बावीस वर्षं वाघ, चित्ते, गीरचे सिंह
माझ्या मनगटांवर चालत आलेत.
मान मोडायची तर गाजर, लचका तोडायचा तर कोबी.
उरलेलं संध्याकाळी घरी नेतो, भाजीला.

शेजारच्या बूथमध्ये चौबळ निवेदन वाचतात.
'आता या पर्वतांत उरलेत फक्त'
आणि पुढे संहितेत रिकामी चौकट.
आकडा शेवटी ठरेल, निर्माता म्हणतो,
तोवर सगळेच बोलून ठेवा.
चौबळ कोमट पाणी पितात, खाकरतात,
आणि एकाच दुःखी पट्टीत
सातशे म्हणतात, चारशे दहा म्हणतात,
नव्वद.
एकोणीस.
'जरा आणखी खाली घ्या, सर.'
'आवाज की आकडा?' चौबळ विचारतात.
कुणी हसत नाही.

परवा काम लांबलं.
लादी पुसणारी लाडकी धोदडे, राहते आरेच्या पाड्यावर,
फडका हातात धरून बघत राहिली
एकदा पडद्याकडे, एकदा माझ्या पुरचुंडीकडे.
'त्याचं पाऊल असं वाजतं होय?
आमच्याकडं नाय वाजत.
कुत्री वाजतात. मग कुत्री बंद होतात.
तेव्हा समजायचं, हाय.'

रात्री दीड. आरेच्या रस्त्यावर
माझ्या स्कूटरचा प्लग गेला.
तबेल्यांचा वास, झाडांमागे पवईच्या टॉवरांचे
विसाव्या मजल्यावरचे दिवे.
कुत्री भुंकत होती.
मग नव्हती.

मी बावीस वर्षांचे कान लावले.
कडेला सागाची पानं, पापडासारखी वाळलेली,
माझ्याकडे असती तर अर्धं रीळ भागलं असतं.
त्यांच्यावरूनच आला असणार.
गतिरोधकाच्या पिवळ्या पट्ट्यांवर
दिसली ती पाठ, मग नुसती शेपूट,
मग पट्ट्या.
ऐकू आला तो माझ्याच हेल्मेटचा बक्कल,
हनुवटीखाली थरथरणारा.
एवढं मोठं जनावर, आणि त्याच्यापाशी
माझ्या धंद्याचं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रीळ सहावं.
हिमबिबट्या उतरणीवर येतो, थांबतो,
पुन्हा चार पावलं.
ती मी कोरी सोडली.

निर्मात्याने मागे नेऊन दोनदा ऐकलं.
'इथे काही राहिलंय का?'
काचेपलीकडे चौबळ
आणखी एक आकडा बोलत होते, ओठच दिसत होते.
'राहिलंय,' मी म्हणालो.
हातमोजा अजून हातातच होता.