शून्य पूर्णांक सात नऊ

भुसावळ, मे महिना. दुकानातला पंखा
एका भिंतीची झळ काढून दुसऱ्या भिंतीला लावतोय.
गुलशेर तडवी यावलहून एसटीनं आला,
ओल्या पंचात गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन.
"कसंबी कर भो. किनगावच्या हळदीचा व्हिडिओ
काल संध्याकाळपासून निघतोय.
सकाळी पाहिलं, तर नवरदेवाच्या मावशीचा हात
अजून वाटीतच."

मी आकडा उघडला.
शून्य पूर्णांक सात नऊ.
साडेतीनपर्यंत पळायची ताकद असलेला प्रोसेसर,
आणि आकडा जागचा हलेना.
दहा खिडक्या उघडल्या, पाच मिटल्या,
सात नऊ.
रस्त्यात बसलेल्या म्हशीला हॉर्न ऐकू येतो,
उठायचं की नाही ते तिचं ती ठरवते.

इथं मे महिन्यात सगळ्याचं खापर उन्हावर फुटतं.
दूध नासलं, टायर फुटला, जावई रुसून गेला: ऊन.
मीही तेच धरलं. पाठ खोलली.
फॅनमधून निघाला तीन सीझनचा मांडव:
अक्षतांचा भुगा, डीजेसमोरची माती,
आणि एक टिकली, कुणाच्या घागऱ्याची कोण जाणे.
पेस्ट वाळून पापड झालेली. खरवडली,
नवी लावली तांदळाएवढी.
चालू केला. आत बावन्न अंश,
बाहेर रस्त्यावर शेहेचाळीस.
म्हणजे गडी तापलेला नव्हताच.
आकडा? सात नऊ.

पॉवर सेटिंग शंभर टक्क्यांवर होतं.
बायोस नवा घातला, श्वास रोखून,
कारण मध्येच लाइट गेली असती तर संपलंच.
रॅम काढून खोडरबरानं घासली.
ती मी सगळ्यांचीच घासतो,
गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

गुलशेर चहा पिऊन आला. दुसरा पिऊन आला.
"भंगारात काय भाव जाईन याचा?"

वडील लोको शेडमध्ये फिटर. बोलणं बेताचं.
एकदा माझी सायकल ओढेना म्हणून
चेन, छर्रे, पेडल, सगळं ओट्यावर मांडून बसलो होतो.
डबा घेऊन ड्यूटीला निघालेले ते
चप्पल घालता घालता म्हणाले,
गाडी पळत नसली
तर इंजिनाला शिव्या देण्याआधी
ब्रेक सुटलाय का, तेवढं पाहत जा.

ब्रेक.
मग याला कोण दाबून धरतंय?

"गुलशेर, चालू करताना पडद्यावर काही येतं?"
"येतं ना. इंग्रजीत एक ओळ. मी एंटर मारतो."
"कधीपासून?"
"दिवाळीपासून."

मी चार्जरची वायर उपसली.
तीन पूर्णांक दोन.
बॅटरीत जीव नऊ मिनिटांचा,
पण तेवढ्यात मावशीचा हात वाटीतून निघाला,
गालाला लागला,
आणि मागची एक पोरगी खुदकन हसली.

त्या चार्जरच्या टोकात, मधोमध,
केसाएवढी पिन असते.
तिच्यातून वीज येत नाही. नुसती ओळख येते:
मी तुझाच, इतक्या वॉटचा, घे बिनधास्त.
ती मुळातून मोडली होती.
दीपनगरच्या चिमण्या माझ्या गच्चीवरून दिसतात,
विजेची काय टंचाई!
वीज पोचत होती भो,
नाव पोचत नव्हतं.
आणि अनोळखी हातचं म्हणून हा बापडा
दिवाळीपासून घासभरच खात होता.

ड्रॉवरमधला जुना, पण अस्सल चार्जर दिला.
टेबलावरच व्हिडिओ निघाला, पाऊण तासात.
गुलशेर पंचा झटकत म्हणाला,
"त्या ओळीत लिहिलं काय होतं?"
"चार्जर ओळखता येत नाही. कोणता आहे?"
तो थोडा वेळ पडद्याकडं पाहत राहिला.
"अन् मी एंटर मारायचो."

पेस्टचे पैसे घेतले, चार्जरचे घेतले.
खोडरबराचे लावले नाहीत.
साडेपाचची यावल गाडी लागली होती,
तो पळाला.
मोडकी पिन मी काडेपेटीत ठेवली.
तिथं आधीच चार आहेत.