शिसं

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी
जनू घरतानं त्याला टेम्पोतून उतरवला, रेवदंड्याच्या नाक्यावर.
पायांत अजून रेसची नाल होती,
अॅल्युमिनियमची, पापडासारखी.
काढून मी हातावर तोलली. वजनच नाही.
नालबंदीत माझी चाळीस वर्षं गेली,
एवढं हलकं काही कुणाच्या पायात ठोकलं नव्हतं.

जनूनं कागद दाखवले.
कागदात बाप होता, बापाचा बाप होता,
आयर्लंडहून विमानानं आलेली आई होती.
सोयरीक जुळवतानाही कुणी इतकं विचारत नाही.
किंमत लिहिलेली नव्हती. ती जनूनं कानात सांगितली,
मग त्याला स्वतःला कितीला पडला, तेही.
पहिल्या आकड्यात आमची अख्खी आळी आली असती,
दुसऱ्यात जुनी स्प्लेंडर.
नाव, 'कॅप्टन्स ऑर्डर'.
पोरांनी संध्याकाळपर्यंत कप्तान करून टाकलं.

जनू अकरा वर्षं महालक्ष्मीला तबेल्यात होता,
त्याच्याच हातचा हा घोडा.
पहिली शर्यत सहा लांबींनी मारली, म्हणतो.
त्याच रात्री केरसी सेठनं डर्बीसाठी सूट शिवायला टाकला.
दुसरी मानेनं गेली.
तिसरीत चौथा.
चौथीच्या सकाळी पेपरात छापून आलं, आज नाही तर कधी?
घोड्याला पेपर वाचता येत नाही, जनू म्हणाला,
पण लगाम धरणाऱ्याचे हात वाचता येतात.
पाचवीत पुढच्या उजव्या पायाची शीर गेली.
सूट अजून कपाटात असेल.

आणि शिसं?
ते मी जनूकडूनच ऐकलं.
घोडा जितका नामी, तितकं खोगिराखाली शिसं घालतात,
चपट्या पट्ट्या, कप्प्याकप्प्यात.
शिसं मला माहीत आहे. आमच्या बंदरावर
जाळ्याच्या कडेला ओवतात, जाळं तळाला जातं, मासळी मिळते.
घोड्याला जड करून काय मिळतं?
'बरोबरी,' जनू म्हणाला, आणि बिडी पेटवली.

माझ्या थोरल्याला दहावीला ब्याण्णव टक्के पडले
तेव्हा जेट्टीवरचा प्रत्येक जण त्याला डॉक्टर म्हणायला लागला.
मीसुद्धा.
इम्तियाज आता दोहाला असतो.
फोनवर पाऊसपाणी विचारतो.

कप्तान पुळणीवर फेऱ्या मारतो, शंभर रुपयांना एक.
पाठीवर पुण्याचं एखादं पोर, हातात मक्याचं कणीस,
आणि हा असा चालतो
जसा काही कुणी काठोकाठ हंडा ठेवलाय.
ओहोटीच्या ओल्या वाळूवर त्याचे ठसे मी बघतो.
चारही सारखे. उजवा सुद्धा.

जनूनंही ते बघितलं असणार.
मार्गशीर्षात एका सकाळी तो आला,
चौलच्या पुळणीवर छकड्यांची शर्यत, रविवारी.
लोखंडी नाल ठोक म्हणाला, चांगली पकडीची.
शीर भरून आलीय. लोकांनी पैसे लावलेत.
कप्तान आहे म्हटल्यावर लावणारच.

मी डावा मागचा खूर मांडीवर घेतला,
कानसीनं घासला, अंगठ्यानं दाबून बघितला.
'चीर आहे,' म्हटलं. 'आत आहे. महिनाभर नको.'
जनू खूप वेळ खुराकडे बघत राहिला,
मग माझ्याकडे.
अकरा वर्षं तबेल्यात काढलेला माणूस.
काही बोलला नाही.

रविवारी तो सुरूच्या झाडाला बांधलेला होता.
मी गवत घेऊन गेलो होतो, उगाच.
वारा चौलकडून आला,
त्यात ताशा, आरडाओरडा, मग एकदम टापा.
त्याचे कान उभे राहिले.
मान वर, नाकपुड्या उघड्या,
दोर असा ताणला की सुरूची सुकी पानं
माझ्या टोपीवर पडली.

चीर नव्हती.
गवत तसंच हातात राहिलं.
टापा थांबल्यावरही बराच वेळ
तो तिकडेच तोंड करून उभा होता.