उपाशीपोटी

सकाळी सातला खिडकी उघडते
तर रांग आधीच लागलेली,
सगळे उपाशी.
कुंभारीच्या विडी घरकुलातून पहिल्या बसनं आलेल्या बाया,
कारखान्याची रात्रपाळी सुटून थेट इथं आलेला एक पोरगा,
डोळ्यांच्या पापण्यांवर अजून कापसाची लव.
चहा घेतलात का, विचारते.
नाही म्हणतात. ओठाला साय चिकटलेली असते.

एकवीस वर्षं झाली या खुर्चीत.
दंड पाहिला की मला आधी शीर दिसते,
मग माणूस.
नणंदेच्या पोरीच्या लग्नात
करवलीच्या बांगड्यांच्या वर, कोपरापाशी
काय सरळ निळी शीर होती!
बघत बसले,
अक्षता मुठीतच राहिल्या.

मागच्या महिन्यात एका दुपारी
जांभळ्या टोपणाची एक नळी उरली.
शहनाज म्हणाली, आक्का, तुमचंच काढू की.
चिठ्ठी मीच लिहिली:
भारती अन्नलदास, स्त्री, सत्तेचाळीस.
इतकं कोरडं अक्षर आहे माझं,
तेव्हा कळलं.

आठ पूर्णांक सहा.
पुन्हा लावून पाहिलं.
मशीन चुकत नाही मावशी,
असं मीच सांगते लोकांना, रोज.
आठ पूर्णांक सहा.

आहाराच्या खोलीतली पोरगी लातूरची,
माझ्या लेकीच्या वयाची.
तिनं छापील कागदावर
भातावर निळ्या पेनानं काट मारली,
हलक्या हातानं, माझ्याकडे न बघता.
तिला काय सांगू?
आई दारातूनच विचारायची, अन्नं तिन्नावा?
जेवलीस का आणि भात खाल्लास का,
आमच्या घरात एकच वाक्य आहे याला.

मग समोरच्या महानंदा बिराजदारकडे
भाकरी शिकायला जाऊ लागले.
ती बोलत बोलत थापते,
परातीत भाकरी आपोआप फिरते,
माझी मात्र कडेला फाटते.
मेलेल्यागत दंडातून रक्त काढणारी ही बोटं,
पण पीठ त्यांना ओळख देत नाही.
कडक करून ठेवा आक्का, ती म्हणते,
पत्र्याच्या डब्यात महिनाभर काय होत नाही.
शेंगाची चटणी दोन चमचे.
दोन म्हणजे किती भरून,
ते कागदावर नाही.

यंत्रमागानं नवऱ्याचे कान नेले, नाक ठेवलं.
तो अजून भातावर चिंचेचं चारू ओततो,
पण हल्ली भिंतीकडे तोंड करून,
भराभर, चोरासारखा.
मला ते भातापेक्षा जड जातं.

रोज तीस मिनिटं चालायचं, असंही लिहिलंय.
पाणी पाच दिवसांआड येतं, तेही रात्री एकला.
घागरी घेऊन तीन मजले चढते,
ते चालण्यात धरायचं का?
रकाना नाही.

आज नागम्मा म्याकल आली.
बोटं तंबाखूनं पिवळी, साडी इस्त्रीची.
टेबलाखाली माझा डबा उघडा राहिला होता,
तुकडे केलेली भाकरी, काकडी.
बघत राहिली.
तुम्हालाबी का बाई?
हो.
किती?
सहा, मी म्हणाले.
का म्हणाले, कुणास ठाऊक.
ती हसली, तोंडावर पदर धरून.
खोटं. आमीबी डॉक्टरला असंच सांगतो.

मग तिनं हात पुढे केला.
पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितली,
चापट्या मारल्या, शीर नाही.
दुसरा हात. तिथंही नाही.
मागं रांगेत कुणीतरी खाकरलं.
माझ्या कपाळावर घाम.
सावकाश बाई, नागम्मा म्हणाली,
पानं भिजत घालून आलेय,
बारापर्यंत मला काय घाई नाही.