धडा पहिला

कन्नमवार नगरात, पिठाच्या गिरणीवर माझा क्लास.
फळा लिहायच्या आधीच पांढरा असतो,
हजेरीच्या पानांतून ज्वारी झडते.
एकोणीस वर्षं मी इथे फक्त सुरुवात शिकवते.

म्हणजे पुस्तकात धडे चोवीस आहेत.
पण पोरं तिसऱ्या आठवड्यात कामाला लागतात,
किंवा फी थकते, किंवा लग्न ठरतं.
निरोपाचा धडा शेवटचा. त्याची पानं
अजून एकमेकांना चिकटलेली.

तर पहिला धडा.
'मायसेल्फ करिष्मा' नाही गं, 'आय ॲम' म्हण.
मायसेल्फ म्हणजे स्वतःलाच दंडाला धरून पुढे ढकलणं.
त्यात चुकतं काय, हे खरं तर मलाही कळलेलं नाही.
स्टार्ट रिक्षा होते. बिगिन मीटिंग होते.
कमेन्स फक्त नोटिशीत, सोसायटीच्या, लिफ्टशेजारी.
आणि श्रीगणेशाला काय म्हणायचं, निनाद विचारतो.
ओनाम्याला? नारळ वाढवण्याला?
तिकडे नारळ नसतो रे, रिबन असते.
आपण फोडून सुरू करतो, ते कापून.
याहून जास्त बोलले तर नमनालाच घडाभर तेल.
खाली गिरणीचा पट्टा उतरलाय,
तो चढवेपर्यंतच काय ती शांतता.

'नाइस टू मीट यू.'
सगळे एका सुरात म्हणतात, आणि लाजतात.
भेटून बरं वाटलं, हे आपण
निघताना म्हणतो, तेही वाटलं असलं तर.
आधी विचारतो, गाव कुठलं.

काल 'धिस इज' घेतलं.
आपली नाही, शेजारच्याची ओळख करून द्यायची.
तबस्सुमने करिष्माची दिली, करिष्माने तबस्सुमची,
निनादने एका वाक्यात स्वतःच्याच भावाची.
उरले बाबाजी चोरगे. वय एक्कावन्न,
पवईच्या एका काचेच्या इमारतीचं गेट,
इथूनच रात्रपाळीला जातात, निळ्या गणवेशात.
म्हटलं, या, तुमची जोडी माझ्याशी.

'धिस इज मिस्टर चोरगे. ही इज अ वॉचमन.'
आणि पुढे माझंच वाक्य अडलं.
दीड महिना पहिल्या बाकावर बसलेला माणूस,
माझ्याकडे त्याचा एवढाच शब्दसंग्रह.

मग ते उभे राहिले. गेटवर राहतात तसे.
'धिस इज अवर मिस.
इन टाइम, सिक्स टेन. आऊट टाइम, नाइन.
शी ओपन लॉक. शी क्लोज फॅन.
टिफिन, आफ्टर एव्हरीबडी गो.
विथ...'
रजिस्टरातला पुढचा रकाना त्यांच्या डोळ्यांसमोर आला असावा.
'विथ, नोबडी.'

कुणी हसलं नाही.
ओपनला एस लागतो, मी सांगायला हवं होतं.
खडू हातात होता, फळा मागेच होता.
माझी ओळख कुणी कुणाला करून दिल्याचं
मी आठवत राहिले, आठवेना.

खाली पट्टा चढला. बाक थरथरू लागले.
'नाइस टू मीट यू,' मी म्हटलं,
गिरणीच्या वरताण आवाज काढून,
आणि हात पुढे केला, पिठाचा की खडूचा कोण जाणे.

चोरग्यांनी तो घेतला.
'मिस,' ते म्हणाले, 'गाव कुठलं?'